झांक्यांची रात्र कॅमेऱ्यात: अनंत चतुर्दशीला इंदूरला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पुण्यामुंबईकडची मंडळी अनंत चतुर्दशीला कॅमेरा घेऊन इंदुरात उतरतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ढोल-ताशा पथकं, गुलाल आणि विसर्जनाचा घाट असतो. इथे ते शोधत बसलात तर रात्रभर भलत्याच ठिकाणी उभे राहाल. इंदूरची चतुर्दशी म्हणजे झांक्या. ट्रॉल्यांवर उभारलेले पुराणातले देखावे, हलणाऱ्या मूर्ती, हजारो दिवे, मागे जनरेटरची धडधड आणि प्रत्येक झांकीच्या आगेमागे आखाड्यांची पोरं लाठीकाठी फिरवत चाललेली. संध्याकाळी निघालेला हा चल समारोह, म्हणजे मिरवणूक, पहाटेपर्यंत चालतो आणि निम्मं शहर रस्त्यावर असतं.

या झांक्या कापडमिलच्या कामगारांच्या. सुरुवात सेठ हुकमचंदांच्या मिलमधून १९२४ मध्ये झाली असं सांगतात. मग मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी अशा मिलांमध्ये चुरस लागली. पुढे एकेक करून मिल बंद पडल्या. हुकमचंद मिलला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाळं लागलं, कामगारांचे थकलेले पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. झांकी मात्र थांबली नाही. आज ती वर्गणीवर आणि विकास प्राधिकरण, नगर निगम यांच्या मदतीवर उभी राहते. हे सगळं आधीच सांगतोय, कारण हे माहीत नसेल तर तुम्ही फक्त दिव्यांचे फोटो काढाल. तसे फोटो त्या रात्री लाखो मोबाइलांत असतात.

तारीख आणि मुक्काम

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे बहुतेक सप्टेंबर. २०२३ मध्ये ती २८ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला. म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा, गेल्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नका. चतुर्दशीच्या दिवशीच येऊन दुसऱ्या दिवशी परत, असा बेत असेल तर सरळ सांगतो, निम्मा लेख तुमच्या कामाचा नाही. तीन-चार दिवस आधी या.

खोली स्टेशन किंवा सरवटे बसस्टँडच्या आसपास घ्या. तिथून राजवाडा दीडदोन किलोमीटर, आणि पहाटे रिक्षा मिळाली नाही तरी चालत पोचता येतं. त्या रात्री जुन्या शहरात गाड्या आत सोडत नाहीत. विजयनगरकडचं हॉटेल चकाचक असेल, पण पहाटे चारला तिथे परतणं हा एक वेगळाच चल समारोह होतो.

आधी मिलमध्ये जा

हे सगळ्यात महत्त्वाचं. झांक्या मिलच्या जुन्या आवारात किंवा जवळपासच्या मैदानात तयार होतात. गणपती बसले की काम जोरात असतं आणि शेवटचे तीन-चार दिवस तर रात्रंदिवस. जाऊन कोणालाही विचारा, ‘झांकी कहाँ बन रही है?’ बोट दाखवतील. मराठी बोललात तरी बिघडत नाही, जुन्या मिल कामगारांत मराठी घरंही बरीच. ‘काका, बघू का जरा?’ एवढ्यावर काम होतं.

मात्र पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका. एकतर झांक्यांना बक्षिसं असतात, त्यामुळे विषय आणि करामत शेवटपर्यंत झाकून ठेवण्याकडे कल असतो. दुसरं म्हणजे, काम करणारी माणसं घाईत असतात. चहा येईपर्यंत थांबा, चहा आला की तुम्हालाही मिळेल, आणि मग विचारा. ‘चतुर्दशीच्या आधी एकही फोटो कुठे टाकणार नाही’ हा शब्द स्वतःहून द्या आणि पाळा.

आता आत काय बघायचं. सगळे जण मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघतात. तुम्ही खाली वाका. मूर्तीच्या मागे बांबूच्या कामट्या, सुतळी, प्लायवूडचे तुकडे, आणि एखाद्या राक्षसाच्या पाठीत सायकलची चेन दिसेल. एक मोटर, तिच्या चाकावर मध्याऐवजी कडेला बसवलेली खीळ, खिळीला लोखंडी पट्टी आणि पट्टीचं दुसरं टोक दंडाला. चाक गोल फिरतं, दंड वरखाली होतो. गदा उचलणारा भीम असो की पंख हलवणारा जटायू, बहुतेक ठिकाणी करामत हीच. ज्याने आयुष्यभर लूम, म्हणजे कापडाचा माग, सांभाळला त्या माणसाला हे जमवायला कागदावरचा नकाशा लागत नाही, तो हाताने अंदाज घेतो, पट्टी दोन बोटं पुढे सरकवतो आणि पुन्हा मोटर चालू करून बघतो.

हे नीट बघून ठेवा, रात्री कामाला येणार आहे. असा दंड वर आणि खाली, दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो, कारण तिथे त्याची दिशा बदलते. मधल्या प्रवासात तो सगळ्यात जोरात असतो. म्हणजे कमी उजेडात फोटो घ्यायचा तर बटण टोकाला दाबायचं, मध्ये नाही. गदा पूर्ण वर गेली की दाबा. हे दिवसा समजून घेतलं नाही तर रात्री दहातले नऊ फोटो हललेले येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

इथेच तुम्हाला त्या रात्रीपेक्षा चांगले फोटोही मिळतील, असं माझं ठाम मत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीनचारच्या सुमारास दारातून आडवा उजेड येतो. रंग न लावलेला हनुमानाचा हात मांडीवर घेऊन घासपेपर मारणारा म्हातारा, वेल्डिंगच्या ठिणग्या, दोरीवर वाळत घातलेली देवांची पितांबरं. फ्लॅश अजिबात नको. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका आणि लेन्स लांबून रोखून बराच वेळ धरू नका. ठिणग्या फ्रेमच्या कडेला ठेवा, माणूस मध्ये.

निघताना नावं विचारून वहीत लिहा, कोणी काय केलं तेही. चतुर्दशीच्या रात्री हीच माणसं झांकीबरोबर चालत असतात, आणि ओळख असली की गर्दीत तुम्हाला दोरीच्या आत घेतात. पत्रकारांच्या पासपेक्षा ही ओळख जास्त चालते.

मधल्या दिवसांत

हात बसवायला दोन ठिकाणं पुरेत. मल्हारगंजकडचा बडा गणपती सुमारे पंचवीस फुटी आहे आणि मंदिर त्या मानाने अरुंद, त्यामुळे रुंद लेन्स लागते. कॅमेरा वर करून काढलात तर मूर्ती मागे कललेली दिसेल, म्हणून जितकं मागे सरता येईल तितकं सरा आणि मूर्तीसोबत खाली उभा असलेला एखादा माणूस घ्या, तेव्हा उंची कळते. खजराण्याचा गणपती इंदूरकरांचा लाडका, गणेशोत्सवात तिथे रांगा लागतात. गाभाऱ्यात फोटो चालतो की नाही ते दारावरच्या माणसाला विचारा आणि नाही म्हणाला तर वाद घालू नका. तिथला खरा विषय मंदिराच्या भिंतीवर आहे. नवस बोलताना लोक उलटं स्वस्तिक काढतात, नवस फेडायला आले की सुलटं. शेंदराने माखलेलं बोट आणि भिंत, एवढंच टिपा.

पिशवीत काय

कमी. एक कॅमेरा, एक लेन्स. ३५ किंवा ५० मिलिमीटरची, एफ १.८ किंवा २ वाली, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी. मोठी झूम लेन्स गर्दीत दुसऱ्यांच्या डोक्यावर आपटते आणि अंधारात तिचा फार उपयोगही नाही. ट्रायपॉड घरी ठेवा. तो उघडायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर पोलीस दादा येतो. जादा बॅटरी दोन, कार्ड दोन, पॉवर बँक, कानात घालायला कापसाचे बोळे. डीजेच्या गाड्या लागूनच जातात.

पाऊस गृहीत धरा. भाद्रपदात माळव्यात तो हमखास जातोच असं नाही, पंधरा मिनिटं कोसळून निघून जातो. छत्री गर्दीत शिवी खाते. कॅमेऱ्याला जाडसर प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबर बँडने घट्ट, आणि खिशात सुती रुमाल. खोलीच्या एसीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून बाहेर पडल्यावर अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या.

ड्रोन नको. परवानगीचा प्रश्न आहेच, पण खाली लाखभर माणसं आणि मध्ये विजेच्या तारा असताना तो उडवणं हाच मुळात गाढवपणा.

पायांत जुने बूट. चप्पल घातलीत तर एक पाय चप्पलीसकट परत येईल याची खात्री नाही.

संध्याकाळ: सुरुवात रांगेपासून

नवखे थेट राजवाड्यावर जाऊन बसतात. तिथे झांक्या पोचायला रात्र बरीच चढते आणि तोवर तुमचे पाय गेलेले असतात. त्यापेक्षा पाचच्या सुमारास झांक्या रांगेत लागतात त्या भंडारी मिल, चिकमंगळूर चौराहा भागात जा. मार्ग साधारण तिथून जेल रोड, एमजी रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, सीतलामाता बाजार, गौराकुंड, खजुरी बाजार करत राजवाडा असा असतो. त्या वर्षीचा नेमका मार्ग आणि झांक्यांचा क्रम दोन दिवस आधी स्थानिक पेपरात येतो. कात्रण नाही तरी मोबाइलात फोटो काढून ठेवा, कारण रात्री नेटवर्क जातं.

रांगेत का जायचं? सप्टेंबरात इथे सूर्य साडेसहाच्या आगेमागे मावळतो. त्यानंतरची वीसपंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि झांक्यांचे दिवे नुकतेच लागलेले असतात. रात्री आकाश काळं ठार होतं, मग दिवे एकीकडे आणि अंधार एकीकडे, मधलं काही दिसत नाही. निळ्या आकाशात मूर्ती, ट्रॉली, माणसं आणि घरांच्या गॅलऱ्या सगळं एकाच फ्रेममध्ये बसतं. शिवाय चतुर्दशीचा जवळजवळ पूर्ण चंद्र मावळतीच्या सुमारास पूर्वेला उगवलेला असतो. ढग नसतील तर पश्चिमेला पाठ करून उभे राहा. संपूर्ण रात्रीत ही संधी एकदाच.

झांक्या हलल्या की त्यांच्यामागे चालू नका. आतल्या गल्ल्यांतून पुढे निघा आणि कृष्णपुऱ्याला पोचा. खान नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्या तिथे उजळलेल्या असतात आणि पुलावरून झांकी येताना मागे त्या मिळतात. तिथून पुढचा मुक्काम नृसिंह बाजार ते सीतलामाता बाजार. रस्ता अरुंद, दोन्हीकडे जुनी घरं, झांकी इतकी जवळून जाते की दिव्यांचा उजेड गॅलरीतल्या आजीच्या तोंडावर पडतो. मी झांकीपेक्षा त्या गॅलऱ्यांचेच फोटो जास्त काढतो.

एखाद्या घराच्या पहिल्या मजल्यावर जागा मिळाली तर सोनं. दुपारीच जाऊन विचारून ठेवा. मराठी पाटी दिसली तर ‘नमस्कार, काकू, रात्री पंधरा मिनिटं गॅलरीत उभा राहिलो तर चालेल का?’ एवढं पुरतं. इंदूरकर नाही म्हणायला कचरतो आणि वर पोहेही खायला घालतो. पंधरा मिनिटं म्हणालात तर पंधराच थांबा. जुनी लाकडी गॅलरी आधीच भरलेली असेल तर चढूच नका.

राजवाडा शेवटी. सात मजल्यांचा दर्शनी भाग, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. झांकी अगदी समोर असताना वाडा दिसत नाही, म्हणून थोडं खजुरी बाजाराच्या तोंडाशी राहा आणि झांकी वाड्याच्या पुढे सरकेपर्यंत वाट बघा.

उजेड आणि आकडे

झांकी डोळ्यांना जितकी उजळ दिसते तितकी कॅमेऱ्याला सरसकट उजळ नसते. आजूबाजूचा अंधार बघून कॅमेरा फोटो वाजवीपेक्षा पांढरा करतो आणि मूर्तीचे चेहरे उडून जातात. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). अंधार अंधारच राहू द्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ३५०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान एकदा ठरवून सोडून द्या, नाहीतर प्रत्येक फोटोत भीमाचा रंग वेगळा.

सुरुवातीला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२००, एफ २, शटर १/१०० सेकंद. हा १/१०० मनाचा आकडा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर एक किंवा दोन पूर्ण फेऱ्या सापडतात. १/५०० केलंत तर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. जनरेटरची वीज थोडी इकडेतिकडे होते आणि रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्यांचं गणितच वेगळं, म्हणून प्रत्येक झांकी आली की आधी दोन फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघा.

दुसरी गंमत पळत्या दिव्यांची. माळेतले बल्ब एकामागून एक पेटतात आणि डोळ्याला उजेड धावल्यासारखा वाटतो. १/१०० ला निम्मे बल्ब विझलेले सापडतात, फोटो बघणाऱ्याला वाटतं माळ फुकट गेली. तिथे शटर १/१५ किंवा १/८ करा, सगळे पेटलेले येतील. पण मग मूर्तीचा हात हलतो. इथे मिलमध्ये बघितलेली ती खीळ आठवा, हात टोकाला थबकला की दाबा. श्वास सोडून, कोपर छातीला टेकवून.

मोबाइल असेल तर नाइट मोड बंद. तो दोनतीन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात झांकी पुढे. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा, बोट खाली ओढून उजेड कमी करा, झूम न करता मुख्य लेन्स वापरा. जवळ जाता येत नसेल तर नका काढू.

आखाडे

झांक्यांमधल्या जागेत आखाडे. लाठी, दांडपट्टा, तलवार, बनेटी, आणि आता मुलींची पथकंही जोरदार. इथे नियम फक्त एक, फ्लॅश मारायचा नाही. लाठी फिरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली की समोरच्याचं डोकं फुटतं. उस्ताद सगळ्यांसमोर कॅमेरा हिसकावतील आणि मी त्यांच्याच बाजूने बोलेन.

रिंगणाच्या बाहेर, खाली बसून काढा. चेहरा आणि हात थांबवायचे तर १/२५० तरी लागेल आणि त्यासाठी दुकानाच्या उजेडाशेजारचं रिंगण निवडा. बनेटीला उलटं. तिच्या दोन्ही टोकांना पेटते बोळे असतात, म्हणून शटर अर्धा सेकंद, आयएसओ ४००, कॅमेरा दुकानाच्या ओट्यावर टेकवलेला. आगीची वर्तुळं येतात आणि मधला पोरगा धूसर. तो अगदीच नाहीसा होत असेल तर वेळ १/४ करा. वाऱ्याची दिशा बघा, रॉकेलचा थेंब लेन्सवर उडाला तर कपड्याने घासू नका, फुंकून मग अलगद टिपा.

माणसं

झांकीवर लहान मुलं राम-सीता होऊन बसलेली असतात. बाराच्या पुढे त्यांचे डोळे मिटायला लागतात, मुकुट कलतो. फोटो मोहाचा आहे, पण आधी शेजारी चालणाऱ्या आईबापाकडे बघा, मान हलली तरच काढा. बायकांच्या घोळक्यात कॅमेरा डोक्यावर धरून आंधळेपणाने क्लिक करत सुटू नका. घरगुती गणपतीचं विसर्जन आणि निगमच्या गाडीत मूर्ती देणारी कुटुंबं यांच्याबाबतीतही तेच. निरोपाची आरती चालू असताना कॅमेरा खाली, हात जोडलेले, आरती संपली की विचारा. बहुतेक घरं स्वतःच ‘एक आमचा सगळ्यांचा काढा ना’ म्हणतात. तो काढा आणि तिथल्या तिथे पाठवा.

मूर्ती एकमेकींवर रचलेल्या, हात तुटलेल्या, अशा फोटोंचा मोह दरवर्षी कोणाला तरी होतो. मला त्यात काही मिळत नाही.

भूक लागली की सराफा. दिवसा दागिन्यांची पेढी, रात्री खाण्याची. हा मोसम भुट्ट्याच्या किसाचा. गराडू, म्हणजे तळलेला कंद, मागू नका, ते थंडीत. त्या रात्री तिथेही रेटारेटी असते, म्हणून झांकी नृसिंह बाजारात असतानाच उरकून घ्या.

दुसऱ्या दिवशी

खोलीवर आलात की झोपण्याआधी कार्ड कॉपी करा. सकाळी पोहे-जलेबी, पोह्यांवर जीरावण, म्हणजे इंदुरी मसाला, भरपूर. मग मिलमध्ये ज्यांनी चहा पाजला त्यांचे पंधरावीस फोटो निवडून जवळच्या लॅबमध्ये छापून घ्या आणि गाडीच्या आधी नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेले फोटो ते बघतात, छापलेले मिलच्या कार्यालयात काचेखाली लावतात, आणि पुढच्या वर्षी दार आपोआप उघडतं.

फोटो कुठेही टाकताना खाली मिलचं नाव लिहा, नुसतं ‘इंदूरची झांकी’ नको. आणि नाव वहीतून ताडून लिहा. बक्षिसाचा निकाल लागलेला असतो, पहिला कोण, दुसरा कोण यावर चौकाचौकांत वाद चालू असतात, आणि हुकमचंदच्या झांकीखाली चुकून मालवा मिल लिहिलंत तर दोन्हीकडचे लोक तुम्हाला पुढचे आठ दिवस फोन करून चूक दाखवतील.